ॲव्हरेज विकत मिळत नाही, ते सांभाळावं लागतं



माझं दुकान स्पेअर पार्ट्सचं आहे. टू-व्हीलर आणि छोट्या मालवाहू गाड्यांचं ऑइल, फिल्टर, ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, सगळं मिळतं. आणि काउंटरवर दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, "दादा, ॲव्हरेज वाढवायचं काही आहे का?" विचारणारा बहुतेक वेळा धंदेवाला असतो. कुणी दूध घालतो, कुणी पाण्याचे जार पोचवतो, कुणी बेकरीचा माल गावोगावी टाकतो. त्याला एखादी बाटली हवी असते, एखादा डबा हवा असतो, जो गाडीला लावला की लिटरमागे चार-पाच किलोमीटर वाढतील.

असल्या बाटल्या आणि डबे मी दुकानात ठेवत नाही. मार्जिन भरपूर असतं, सेल्समन दर महिन्याला येऊन आग्रह करतो, तरी ठेवत नाही. का ते आज नीट सांगतो, कारण हा विषय गाडीपेक्षा तुमच्या धंद्याच्या हिशेबाचा जास्त आहे. आणि चॅनलवर आपण हिशेबाचंच बोलतो, हो ना?

ॲव्हरेज म्हणजे गल्ल्यातला पैसा

एक सोपं गणित करू. तुमच्याकडे एक छोटा हत्ती आहे असं समजा. रोज ८० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला २,००० किलोमीटर. गाडी १६ चं ॲव्हरेज देते. डिझेल हिशेबाला सोपं म्हणून ९० रुपये लिटर धरू.

२,००० भागिले १६ म्हणजे १२५ लिटर. तीच गाडी १८ ला आली तर १११ लिटर. फरक जवळपास १४ लिटरचा. महिन्याला साधारण १,२५० रुपये, वर्षाला १५,००० रुपये.

आता कुणी म्हणेल, वर्षाला पंधरा हजार म्हणजे काय मोठं? थांबा. तुमच्या धंद्यात सगळा खर्च जाऊन शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा रुपये उरतात असं धरा. किराणा, एफएमसीजी वितरण, भाजीपाला अशा धंद्यांत तेवढेही उरत नाहीत. मग पंधरा हजार रुपये नफा कमवायला किती माल विकावा लागेल? दीड लाखाचा. म्हणजे गाडीचं ॲव्हरेज दोननं सुधारणं आणि दीड लाखाची जादा विक्री करणं, दोन्हींचं फळ सारखंच. फरक एवढाच की दीड लाखाच्या विक्रीला भांडवल लागतं, उधारी द्यावी लागते, वसुलीला हिंडावं लागतं.

आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. सकाळी सहाला उठून गाडी भरायची, रात्री नऊला परत यायचं आणि टाकीतून पैसा कुठे जातोय ते बघायचंच नाही, तर तेच होणार.

आधी मोजा, मग बोला

दुकानात येणाऱ्याला मी उलटा प्रश्न विचारतो, "आत्ता किती देते?" उत्तर ठरलेलं, "देते की पंधरा-सोळा." हे पंधरा-सोळा कुठून आलं? बहुतेक वेळा गाडी घेताना सेल्समननं सांगितलेल्या आकड्यातून दोन-तीन वजा करून.

कंपनी जो आकडा छापते तो साधारणपणे प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. पुण्याची एआरएआय ही त्यातली आपल्या सगळ्यांना माहीत असलेली संस्था. तिथे गाडी रोलरवर चालते, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या पद्धतीनं. त्या चाचणीत खड्डे नसतात, आठवडी बाजाराची गर्दी नसते, कात्रजचा चढ नसतो आणि मागे ठरलेल्या वजनापेक्षा चार पोती जादा नसतात. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. तुमचा धंदा मात्र तुमच्याच आकड्यावर चालतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा, नोझलनं पहिल्यांदा 'टक' केलं की थांबा. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. टाकी अर्ध्याच्या खाली आली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करा, पुन्हा पहिल्या 'टक'ला थांबा. जेवढे किलोमीटर झाले त्याला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनं भागा. एका वेळेला फसगत होऊ शकते, म्हणून असं चार वेळा करून सरासरी काढा. पाचशेचं टाक, दोनशेचं टाक असं भरत राहिलात तर हे कधीच कळणार नाही.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी इथे एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अंदाज दिलाय, की ई-२० साठी न बनलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकतं आणि जुन्या दुचाकीचं ३ ते ४ टक्के. म्हणजे आधी १८ देणारी जुनी व्हॅन आता १७ च्या आसपास देत असेल, तर मेकॅनिकशी भांडू नका. ती १४ देत असेल, तर मात्र गाडीत काहीतरी बिघडलंय. हा फरक वही असेल तरच कळतो.

कोणत्या गाडीपासून सुरुवात करायची?

समजा तुमच्याकडे एक पिकअप आहे आणि एक स्कूटर. स्कूटर ४५ ची ५० केली तर पाचनं वाढलं. पिकअप १२ ची १३ केली तर एकनंच वाढलं. जास्त फायदा कशात?

मनात लगेच स्कूटर येते. आता हिशेब करा. दोन्ही गाड्या महिन्याला १,००० किलोमीटर धावतात. स्कूटरला आधी २२.२ लिटर लागायचं, आता २०. वाचले २.२ लिटर. पिकअपला आधी ८३.३ लिटर, आता ७६.९. वाचले ६.४ लिटर. जवळपास तिप्पट!

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं. लिटरला किती किलोमीटर, या भाषेत विचार केला की माणूस फसतो. शंभर किलोमीटरला किती लिटर, असा विचार केला की पैसा कुठे आहे ते दिसतं. म्हणून वहीत एक रकाना जादा आखा, '१०० किमीला किती लिटर'. आणि जी गाडी जास्त पिते, जास्त धावते, तिच्यापासून सुरुवात करा.

फुकटातली कामं

पहिलं टायरची हवा. गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्याआधी किंवा जवळच्याच पंपावर तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतं. टायरच्या कडेला जो आकडा कोरलेला असतो ती कमाल मर्यादा, तो आकडा भरायचा नाही. माल भरल्यावर मागच्या टायरला वेगळी हवा लागते, तीही तिथेच लिहिलेली असते. आता खरं सांगतो, हवा नीट ठेवली म्हणून चमत्कार होत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं दिलेला आकडा असा, की चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असेल तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. दहा पीएसआय कमी असेल तर दोन टक्के. पण कमी हवेचा टायर कडेनं झिजतो, तापतो आणि भर उन्हात माल भरलेला असताना फुटतो. त्या टायरची किंमत आणि त्या दिवसाची बुडालेली डिलिव्हरी धरा, मग दोन टक्क्यांपुढचा हिशेब दिसेल.

दुसरं वजन. गाडीत कायमस्वरूपी काय काय पडलेलं असतं ते एकदा उतरवून बघा. रिकामे क्रेट, जुनी ताडपत्री, फुटके जॅक, परत आलेला माल. तो महिनाभर तुमच्याबरोबर फुकट फिरतोय. ताडपत्री लावायची तर घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री आणि टपावर रिकामं कॅरिअर म्हणजे वाऱ्याशी कुस्ती.

तिसरं वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर अडथळा पावणेदोन पट होतो. मागून चौकोनी असलेल्या पिकअपला तर हा मार जास्तच बसतो. आपली पीसीआरए ही सरकारी संस्था कितीतरी वर्षं ४५ ते ५५ च्या वेगाचा सल्ला देतेय, तो असाच नाही. हायवेला ५५ नं जाणं प्रत्येक वेळी जमणार नाही, मान्य. पण ऐंशीचं पासष्ट नक्की जमतं. चाळीस किलोमीटरच्या फेरीत सात मिनिटं जातील, तेवढंच.

चौथं, उभ्या गाडीचं चालू इंजिन. दुकानदाराशी हिशेब चाललाय, माल उतरतोय आणि गाडी घुरघुरतेय. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणं परवडतं, असंच तज्ज्ञ सांगतात. बंद-चालू केल्यानं जास्त डिझेल जातं, हा समज जुना झाला.

पाचवं, उतारावर न्यूट्रल. खंबाटकी असो नाहीतर कात्रज, उतार लागला की गिअर काढून गाडी सोडणारे दादा खूप. त्यांना वाटतं डिझेल वाचतंय. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की कॉम्प्युटर इंधन पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त, शिवाय सगळा भार ब्रेकवर. माल भरलेली गाडी घाटात अशी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे आजपासून बंद करा.

ट्यूनिंग म्हणजे आता काय?

पूर्वी ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटर. मेकॅनिक स्क्रू फिरवायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, प्लगचा गॅप सेट करायचा आणि गाडी गुळगुळीत चालायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांत मिश्रणाचं काम कॉम्प्युटर आणि सेन्सर करू लागले. तिथे स्क्रू फिरवायला काही उरलेलं नाही. म्हणून तुमची गाडी कोणत्या जातीची, ते आधी बघा.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर एअर फिल्टरचा थेट परिणाम होतो. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चोंदलेला फिल्टर बदलल्यावर अशा गाड्यांत २ ते ६ टक्के फायदा दिसतो. नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर बदलल्यानं ॲव्हरेज फारसं हलत नाही, पिकअप सुधारतो. फिल्टर विकणारा माणूस हे सांगतोय, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही! अर्थात धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर इंजिनच्या आयुष्यासाठी वेळेवर बदलायलाच हवा.

नव्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि तो जात नसेल, तर 'चालतीय ना' म्हणून सोडू नका. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर गाडीला किती पेट्रोल द्यायचं ते कळत नाही आणि ती अंदाजानं जास्त देत राहते. हा एक बिघाड दुरुस्त केल्यावर ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते, असं तोच विभाग सांगतो. स्कॅनर लावून कोड बघायला गॅरेजवाला काही शे रुपये घेईल. ते द्या.

आणखी चार गोष्टी, ज्या सहसा कुणी बघत नाही:

ब्रेक धरून राहणं. फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त गरम लागलं, तर तिथे ब्रेक चिकटतोय. टू-व्हीलर मेन स्टँडवर लावून चाक हातानं फिरवा, लगेच अडत असेल तर तेच दुखणं. हे म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवण्यासारखं आहे.

थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण इंजिनला ठरलेलं तापमान मिळायला वेळ लागतो, थंड इंजिन जास्त इंधन घेतं आणि झिजतंही लवकर. तुमच्या गाडीत तो आहे का, विचारून घ्या. नसेल तर बसवा आणि गरम होण्याचं मूळ कारण शोधा. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी घालू नका, कूलंट घाला.

इंजिन ऑइल. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. 'जाड ऑइल टाक, इंजिन टिकतं' हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला. योग्य ग्रेडमुळे एक-दोन टक्के फरक पडतो.

टू-व्हीलरची चेन. कोरडी, सैल नाहीतर फार ताणलेली चेन ताकद खाते. साफ करून तेल द्या, पुस्तिकेत सांगितलाय तेवढाच ढिलेपणा ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

अपग्रेडच्या आधी तीन प्रश्न

आता त्या बाटल्या-डब्यांकडे येऊ. पाइपला लावायचं मॅग्नेट, टाकीत टाकायची गोळी, पाण्यापासून हायड्रोजन बनवणारं किट, चार्जरच्या भोकात खोचायची चिप. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. फायदा दाखवणारी अगदी मोजकी निघाली आणि तोही थोडाच. साधा विचार करा, दोनशे रुपयांच्या मॅग्नेटनं १५ टक्के वाचत असते, तर गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी ते कारखान्यातच लावलं नसतं का? एक-एक टक्क्यासाठी त्या कोट्यवधी रुपये संशोधनावर घालतात.

मग 'मी लावलंय, मला फरक पडला' असं म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. नवं काही लावलं की माणूस आठवडाभर गाडी जपून चालवतो, मीटरकडे बघत चालवतो. फरक त्या जपून चालवण्याचा असतो. ती सवय फुकट आहे.

कोणताही अपग्रेड घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. एक, हे गाडीच्या कंपनीला आणि आरटीओला चालतं का? दोन, पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतात? तीन, माझ्या कामात त्यामुळे काय अडेल?

ईसीयू रीमॅपिंग घ्या. पहिल्याच प्रश्नात अडतं. वॉरंटी धोक्यात येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी बदलांबद्दल विचारणारच. धंद्याच्या गाडीला ही जोखीम नको.

सीएनजी किट मात्र विचार करण्यासारखं आहे. मान्यताप्राप्त किट, आरसी बुकात नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, या तिन्ही गोष्टी केल्या तर ते कायदेशीर आहे. आता दुसरा प्रश्न. व्हॅन पेट्रोलवर १४ देते, पेट्रोल १०४ रुपये, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे. सीएनजीवर किलोला १९ देते, गॅस ८८ रुपये, म्हणजे ४ रुपये ६३ पैसे. वाचले २ रुपये ८० पैसे. किट ५५,००० रुपयांना बसलं तर पैसे वसूल व्हायला सुमारे १९,६०० किलोमीटर लागतील. हे दर मी नमुन्याला धरलेत, तुमच्या गावचे टाका.

महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे १३ महिन्यांत सुटतात. त्यानं जरूर बसवावं. महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्याला चार वर्षं लागतील. त्याच्यासाठी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि तिसरा प्रश्न विसरू नका. सिलिंडरनं मालाची जागा किती खाल्ली? तुमच्या मार्गावर पंप आहे का? रांगेत किती वेळ जातो? दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करावी लागते, तो खर्च धरला का? इलेक्ट्रिक थ्री-व्हीलर घ्यायचा विचार असेल तरी हेच तीन प्रश्न लावा.

टायरचंही तसंच. रोलिंग रेझिस्टन्स कमी असलेले टायर खरोखर इंधन वाचवतात. पण चांगले टायर फेकून ते घेऊ नका. जुने झिजल्यावर नवे घेतानाच त्यांचा विचार करा.

स्टिअरिंगवर कोण आहे?

वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एका बाजूला आणि ड्रायव्हरचा पाय एका बाजूला. जोरात उचलायची, कचकन दाबायची, अशा चालवण्यानं गर्दीच्या रस्त्यावर १० ते ४० टक्के इंधन जादा जाऊ शकतं. कोणताही पार्ट एवढा फरक पाडत नाही.

आपले बरेच मालक इथे चूक करतात. ड्रायव्हरला ओरडतात, संशय घेतात, 'डिझेल कुठं जातंय रे' म्हणतात. तो माणूस सकाळपासून धावतोय, तुम्हीच त्याला दर पंधरा मिनिटांनी फोन करून 'कुठं पोचलास' विचारताय आणि वरून गाडी हळू चालव म्हणताय! माझं मत असं, की वही त्याच्यासमोर उघडी ठेवा. तीन महिन्यांचं सरासरी ॲव्हरेज हा पाया धरा. त्याच्यावर जे वाचेल त्यातलं निम्मं त्याला द्या. वरच्या उदाहरणात महिन्याला १,२५० वाचतात, त्यातले ६०० त्याच्या हातात. त्याच्या घरी गॅस सिलिंडरचा मोठा भाग निघतो. मग टायरची हवा तोच तपासेल, ब्रेक चिकटतोय हेही तोच सांगेल. प्रामाणिक ड्रायव्हरवरचा संशयही वहीमुळेच जातो. मात्र घाटाचा, जादा मालाचा महिना असेल तर त्याचा आकडा वेगळा धरा, नाहीतर योजना त्याला शिक्षा वाटेल.

सगळ्यात चांगलं ॲव्हरेज

काही जण म्हणतात, खर्चाकडे बघत बसणारा मोठा होत नाही, विक्री वाढव. विक्री वाढवायचीच आहे, मीही तेच शिकवतो. पण तुमची प्रत्येक फेरी तोट्यात असेल तर जास्त फेऱ्या मारून नफा कसा होणार?

म्हणून शेवटचं गणित. रोज ४० किलोमीटरची फेरी, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे २४० किलोमीटर. त्याऐवजी गावं वारानुसार वाटून घेतली, सोमवार-बुधवार-शुक्रवार ६० किलोमीटरची एकच भरलेली फेरी केली, तर १८० किलोमीटर. गाडी १५ चीच आहे. आधी १६ लिटर लागायचं, आता १२ लागतं. हेच वाचवायला एरवी गाडीचं ॲव्हरेज १५ वरून २० करावं लागलं असतं, जे कोणत्याही ट्यूनिंगनं होणार नाही. दुकानदारांना आठ दिवस आधी सांगा, वार पक्का ठेवा, 'अर्जंट एक बॉक्स' साठी किमान ऑर्डर ठरवा. दोन गिऱ्हाइकं कुरकुर करतील. वार चुकवला नाहीत तर महिन्याभरात त्यांनाच सवय लागेल. नाशवंत माल असेल तर हे पूर्ण जमणार नाही, पण परतीचा रिकामा मार्ग तरी नक्की तपासता येईल.

या महिन्यात एवढंच करा

पहिला आठवडा: काही बदलू नका. टाकी फुल करा आणि वही सुरू करा.

दुसरा आठवडा: हवा, वजन, वेग, चालू इंजिन. एक रुपया खर्च न करता होणारी कामं.

तिसरा आठवडा: गॅरेजला गाडी द्या. फक्त 'सर्व्हिसिंग कर' म्हणू नका. ब्रेक, थर्मोस्टॅट, इंजिनचा दिवा, चेन, ऑइलचा ग्रेड अशी यादी लिहून द्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा.

चौथा आठवडा: ड्रायव्हरसोबत बसून मार्ग आखा आणि नवा आकडा काढा.

एवढं केल्यावरही समाधान झालं नाही, तर अपग्रेडचा विचार करा, तीन प्रश्न समोर ठेवून. बहुतेकांना तिथपर्यंत जायची गरज पडणार नाही असा माझा अंदाज आहे. आणि वाचलेले पैसे गल्ल्यात टाकू नका, तिथे ते दिसत नाहीत. वेगळ्या खात्यात टाका. बारा महिन्यांनी त्यात गाडीचा विमा निघेल, नाहीतर नवे टायर येतील. तेव्हा टायर घ्यायला माझ्याकडेच या असं म्हणणार नाही, पण वही मात्र दाखवायला आणा.

भेटू पुढच्या विषयाला. धंदा करा, हिशेबानं करा!